नागोया ते निजामपुरा

भिवंडीच्या निजामपुऱ्यात उरुसाच्या कव्वालीला जो बेंजो वाजतो आणि आसपासच्या गावांत आगरी हळदीला जो वाजतो, त्यांत वाद्य म्हणून काहीच फरक नाही. तीच लांबट लाकडी पेटी, त्याच पोलादी तारा, तारांवर बसवलेल्या त्याच गोल बटणांच्या पट्ट्या. कव्वालीत तो हार्मोनियमशेजारी सतरंजीवर बसतो, मुखडा संपला की मधली जागा भरतो आणि गायकाला दम घ्यायला उसंत देतो. हळदीत तो गळ्यात पट्टा अडकवून उभा राहतो, मागे ढोलकी, ताशा, रोटो, झांज आणि कीबोर्ड घेतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत अख्ख्या गावाला नाचवतो. भीमजयंतीला तोच, गणपतीच्या मिरवणुकीत तोच, संदलच्या जुलूसातही तोच. भिवंडीत सगळ्यांची मिळून म्हणावी अशा गोष्टी फार नाहीत. माग आहे, पाण्याची चिंता आहे आणि बेंजो आहे.

तरुण मुलांचा एखादा लोकवाद्यवृंद परदेश दौऱ्यावर निघाल्याची बातमी वाचली की मला आधी हा बेंजो आठवतो. आपल्या भागातला सर्वांत लांबचा सांगीतिक प्रवास त्यानं केला आहे, तोही तिकडून इकडे. हळदीत नाचणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना ही गोष्ट माहीत नसते. वाजवणाऱ्यालाही बहुधा नसते. ती त्यांना सांगावी असं मला फार दिवसांपासून वाटतंय.

१९१२ साली जपानमध्ये मेइजी सम्राट वारले आणि तैशो काळ सुरू झाला. त्याच वर्षी नागोया शहरातल्या ओसू या देवळाभोवतीच्या गजबजलेल्या पेठेत मोरिता गोरो नावाच्या वादकानं एक नवं वाद्य घडवलं. जपानात दोन तारांचं एक जुनं कोतो होतं. मोरितानं त्याच्या तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या. डाव्या हातानं कळ दाबली की तार नेमक्या जागी दाबली जाते, उजव्या हातानं ती छेडायची. तारेवर स्वराची जागा शोधण्यात जी वर्षं जातात ती या कळांनी वाचवली. ज्याच्याकडे गुरू नाही, पैसा नाही आणि दिवसभराच्या कामानंतर उरलेला तासभरच आहे, त्यालाही चार आठवड्यांत ओळखीची चाल वाजवता यावी, असं हे वाद्य. नव्या काळावरून त्याचं नाव पडलं तैशोगोतो. मोरिता युरोप-अमेरिकेत फिरून आला होता आणि टाइपरायटरची कल्पना त्याला तिकडेच सुचली, असं सांगतात. तसं असेल तर या वाद्याच्या जन्मामागेच एका वादकाचा परदेश प्रवास आहे.

हे नागोया कसलं गाव, तर मागांचं. साकिची तोयोदानं आपले यंत्रमाग त्याच परिसरात उभे केले, १९२४ साली त्याचा स्वयंचलित माग तयार झाला आणि पुढे त्याच घराण्यातून टोयोटाच्या मोटारी निघाल्या. भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला टोयोटा म्हटलं की आजही मोटारीइतकाच माग आठवतो. मुंबईचं आणि जपानचं नातंही कापसानंच बांधलं. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या साहाय्यानं निप्पॉन युसेन कंपनीची मुंबई-कोबे जहाजं सुरू झाली. इकडून कापसाच्या गासड्या गेल्या, तिकडून हळूहळू सूत, कापड, काचेच्या बांगड्या, खेळणी अशा स्वस्त मालाची रीघ लागली. तैशोगोतो याच वाटेनं, याच मालाच्या पेट्यांतून मुंबईच्या बंदरात उतरलं असावं. इथे कुणी त्याला बुलबुल तरंग म्हटलं, आपल्याकडे बेंजो म्हटलं. अमेरिकेतल्या गोल, कातडं ताणलेल्या बँजोशी त्याचं काहीही नातं नाही. कापूस देऊन आपण हे वाद्य घेतलं आणि ते आज कापडाच्या गावात नांदतंय, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आणि ते फक्त आपल्याकडे थांबलं नाही. बलुचिस्तानात ते बेंजू झालं, आकारानं वाढलं आणि तिथल्या लोकसंगीताचा कणा बनलं. मोंबासा-झांजिबारच्या तारब संगीतात ते आहे. मालदीवमध्ये ते आहे. अरबी समुद्राच्या ज्या ज्या किनाऱ्यावर माल उतरला तिथे ते रुजलं. पसनीजवळच्या एका खेड्यातले उस्ताद नूर बख्श आयुष्यभर लग्नाकार्यांत आणि दर्ग्यांवर बेंजू वाजवत होते. २०२२ साली त्यांच्या वादनाचा 'जिंगुल' हा संग्रह निघाला, पुढच्या वर्षी ते युरोपात वाजवायला गेले. वय सत्तरीच्या पुढे. हातात तोच बेंजू, तारांखाली पिकअप, जोडीला जुना अ‍ॅम्प्लिफायर. त्यांच्या वादनाची चित्रफीत पाहताना मला सारखं वाटत होतं की हा माणूस आपल्याकडच्या नदी नाक्यावर उभा राहिला तर कुणाला परका वाटणार नाही. ते डोळे मिटून वाजवतात, आपले वादक नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत वाजवतात, एवढाच काय तो फरक.

निजामपुऱ्यात एका गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून, बेंजो दुरुस्त करणारे एक चाचा बसत. घराणं जुन्या कोकणी मुसलमानांचं, बोली आमच्यासारखीच. तरुणपणी कव्वालीच्या पार्ट्यांबरोबर गावोगाव फिरलेले. त्यांच्याकडे कव्वालही येत आणि खाडीकडच्या बेंजो पार्ट्यांची पोरंही. एकदा एक आगरी पोरगा आपला बेंजो चादरीत गुंडाळून घेऊन आला. संध्याकाळी हळदीची सुपारी होती आणि तो घाईत होता.

"चाचा, वरचा सा लागत नाय."

चाचांनी पेटी मांडीवर घेतली. आधी एकही सूर न वाजवता सगळ्या कळा एकेक करून दाबून पाहिल्या, कान पेटीला लावून. दोन कळा वर यायला आळस करत होत्या. पट्ट्यांवरची फळी उघडली तेव्हा आत हळदीचे पिवळे कण होते, गुलाल होता, थर्माकोलचे बारीक गोळे होते. जुन्या टूथब्रशनं त्यांनी सगळं झाडून काढलं, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. एका कळेखालची स्प्रिंग पार बसली होती. मागाच्या सुट्या सामानातली एक बारीक स्प्रिंग त्यांनी पकडीनं कापली आणि तिथे बसवली. मग तारा. वरच्या तिन्ही तारा एकाच स्वराला मिळवायच्या, जाड तार त्यांच्या सप्तकभर खाली. तीन तारा एका सुरात मिसळल्या की वेगळ्या ऐकू येत नाहीत, एकच भरलेला आवाज येतो. त्या क्षणासाठी चाचा खुंटी केसभर फिरवत, थांबत, पुन्हा फिरवत. पोरगा दारात उभा राहून मोबाइलवर पार्टीच्या मास्टरला "निघालो, निघालो" सांगत होता.

"ही तार नवी हाय," चाचा म्हणाले. "आज जोरात मारू नको. रातभर ताणून ठेवली आसती तर बरं झालं आसतं. उद्या सकाळी पुन्हा मिळव."

"उद्या भीमजयंती हाय चाचा. सकाळी वाजवायचंच हाय."

"मंग सकाळी लवकर उठ."

नंतर त्यांनी स्वतः दोन मिनिटं वाजवून पाहिलं. बेंजोवर मींड येत नाही. कळ दाबली की स्वर जागेवर पक्का, तो खालीवर ओढता येत नाही. म्हणून आपले वादक दोन-तीन कळा इतक्या झपाट्यानं एकापाठोपाठ दाबतात की कानाला मुरकीचा भास होतो. चाचांची बोटं जाड होती, सांधे सुजलेले होते, तरी कव्वालीतली तान त्यांनी अशी काढली की पोरगा फोन कानाला तसाच ठेवून गप्प झाला. मग त्यानं बेंजो गळ्यात घातला आणि तीच तान आपल्या हळदीच्या चालीला जोडून बघितली. पहिल्यांदा जमली नाही. चाचांनी त्याचं बोट धरून कळेवर ठेवलं.

सांस्कृतिक देवाणघेवाण याहून वेगळी असते असं मला वाटत नाही. मात्र ज्याला आपण ते नाव देतो आणि ज्याच्यासाठी निधी मंजूर करतो त्याचं रूप निराळं आहे. आपल्या विद्यापीठांच्या युवा महोत्सवांत लोकवाद्यवृंद ही स्पर्धा असते. ठरावीक मिनिटांत मुलं संबळ, हलगी, ढोलकी, तुणतुणं, चौंडकं, दिमडी, सनई, सुंदरी, तुतारी, टाळ-मृदंग, पावरी, तारपा अशी वाद्यं एका मंचावर आणतात. राज्यपातळीवर 'इंद्रधनुष्य'मध्ये विद्यापीठं एकमेकांसमोर येतात. हे वृंद मी आवर्जून ऐकतो. जव्हारच्या डोंगरातला तारपा आणि सोलापूरची सुंदरी एकाच तालावर येतात तेव्हा अंगावर काटा येतो. महाराष्ट्र कानानं पाहायचा असेल तर याहून चांगली जागा नाही. ज्या कॉलेजच्या पोरांनी उभ्या आयुष्यात संबळ हातात धरला नव्हता ती गोंधळ्याच्या घरी जाऊन तो शिकतात, हे काही थोडं नाही.

पण या वृंदांत बेंजो मला क्वचितच दिसतो. विचारलं तर उत्तर येतं की तो लोकवाद्य नाही, बाहेरचा आहे, वरातीचा आहे. मला हे पटत नाही. हार्मोनियम बाहेरचीच होती. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीनं तिला दाराबाहेर ठेवलं. त्या काळातही भजनी मंडळांनी, कीर्तनकारांनी, कव्वालांनी आणि तमाशानं ती सोडली नाही. आज पेटीशिवाय वारकऱ्याचं भजन कसं होतं ते कुणी सांगावं. लोकांनी हाती धरलेलं, लोकांच्या कार्यात वाजणारं, शाळेशिवाय एका हातातून दुसऱ्या हातात गेलेलं वाद्य लोकवाद्य नसेल तर ती मोजपट्टीच तपासायला हवी. बेंजो आपल्याकडे पाऊण शतकाहून जास्त काळ वाजतोय. वरातीत वाजतो हा त्याचा दोष कसा? संबळही गोंधळाच्या अंगणातच वाढला, ढोलकी तमाशाच्या कनातीतच वाढली.

मला यामागे वाद्यापेक्षा वाजवणाऱ्यांबद्दलची अढी दिसते. बेंजो पार्टीतली पोरं दिवसा काय करतात ते पाहा. कुणी मागावर बदली कामगार, कुणी गोदामात हमाल, कुणी रिक्षा चालवतो, कुणी बारावीच्या परीक्षेला बसलाय. लगीनसराईत सलग रात्री जागून काढायच्या आणि सकाळी पाळीला हजर व्हायचं. सुपारीचे पैसे वाटून हातात पडतात ते थोडे. आपल्याकडचा कायदाही रस्त्यावरच्या कलावंताला फारसा मायेनं बघत आलेला नाही. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात सार्वजनिक ठिकाणी गाऊन, नाचून, खेळ करून पैसे घेणं हेही भीक या व्याख्येत बसवलंय. १९८५ साली अमेरिकेतल्या भारत महोत्सवाच्या निमित्तानं वॉशिंग्टनमध्ये राजीव सेठींच्या कल्पनेतून भारतीय जत्रा उभी राहिली. बहुरूपी, जादूगार, कसरतपटू, गायक अशा आपल्या रस्त्यावरच्या कलावंतांना तिथे राजधानीच्या मध्यावर मानानं जागा मिळाली. ज्याला इथे पोलिसाची शिट्टी ऐकून पथारी गुंडाळावी लागते त्याच्यासमोर तिथे लोक रांगा लावून उभे राहिले. परदेश दौऱ्याचा हा एक मोठा उपयोग मला वाटतो. बाहेरून मिळालेला मान घेऊन माणूस घरी परतला की घरच्यांची नजर बदलते. खरं तर घरच्यांची नजर आधी बदलायला हवी, पण उलट क्रमानं बदलली तरी माझी हरकत नाही.

२०१६ साली रवी जाधवांचा 'बँजो' हा हिंदी चित्रपट आला. अमेरिकेहून एक तरुणी मुंबईतल्या वस्तीतल्या बेंजोवाल्याला शोधत येते, अशी त्याची कथा. वस्तीतल्या पोरांना मोठ्या पडद्यावर नायक केलं याबद्दल मला त्या चित्रपटाविषयी आपुलकी आहे. पण बाहेरच्या कुणी येऊन आपल्याला शोधावं, ही वाट पाहण्याची गोष्ट झाली. आपल्या पोरांनी आपल्या पायांनी जावं, आपल्या वाद्याचं मूळगाव पाहावं, अशी गोष्ट मला हवी आहे.

समुद्रापार गेलेल्या वाद्यांचं काय होतं याची दोन उदाहरणं मला नेहमी धीर देतात. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज गिरमिटिया मजुरांना घेऊन त्रिनिदादला पोचलं. अशा जहाजांतून गेलेली बहुतेक माणसं आजच्या उत्तर प्रदेश-बिहारची. त्यांनी ताशा नेला. मोहरमच्या ताजियांपुढे तो वाजू लागला, पुढे हिंदूंच्या लग्नांत वाजू लागला आणि आज तिथे दोन ताशे, एक मोठा ढोल आणि झांज असा संच कॉलेजच्या पोरापोरींपासून सगळे वाजवतात. पुण्याच्या पथकातल्या कुणालाही तो संच पाहून हसू फुटेल, इतका तो ओळखीचा आहे. निजामपुऱ्यातल्या मोमीन विणकरांचे पूर्वजही त्याच गंगेच्या मुलखातून पोटासाठी निघाले होते. काहींच्या वाटेला भिवंडी आली, काहींच्या वाटेला त्रिनिदाद. दुसरं उदाहरण मॉरिशसचं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांनी रत्नागिरीकडची जाखडी तिथे नेली. मॉरिशसमध्ये ती झाकरी म्हणून आजही नाचली-गायली जाते, गणपतीत तर हमखास. तिथली तरुण मुलं घरी क्रिओल बोलतात आणि झाकरी मराठीत गातात. या दोन्ही प्रवासांमागे ना मंत्रालय होतं, ना निधी. माणसं पोटासाठी गेली आणि ताल बरोबर गेला.

आज मात्र साधनं आहेत. १९५० साली मौलाना आझादांच्या पुढाकारानं स्थापन झालेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद कलावंतांना बाहेर पाठवते. १९७० साली फ्रान्समधल्या कन्फोलाँ गावी लोककला महोत्सवांची जागतिक संघटना स्थापन झाली. तिच्या महोत्सवांत देशोदेशीचे तरुण लोकनृत्य आणि लोकवाद्यांचे संघ एकमेकांना भेटतात. पण अशा दौऱ्यांवर गेलेल्यांकडून जे ऐकतो त्यावरून मला वाटतं, की दौऱ्याचा आराखडाच मंचाभोवती आखलेला असतो. उतरलो, तालीम केली, फेटे बांधले, वाजवलं, टाळ्या घेतल्या, फोटो काढले, बाजार केला, परत आलो. शेजारच्या खोलीत कुठल्या देशाचा संघ होता, त्यांचं वाद्य कशाचं होतं, त्याची तार कोण बनवतं, हे विचारायला वेळच ठेवलेला नसतो. दहा दिवसांत दहा कार्यक्रम करण्यापेक्षा तीन करावेत आणि उरलेले दिवस मुलांना तिथल्या वादकांच्या घरी, कारागिरांच्या दुकानांत, शाळांत बसू द्यावं. चाचांनी त्या पोराचं बोट धरून कळेवर ठेवलं तसं कुणीतरी आपल्या पोराचं बोट तिथे धरायला हवं.

म्हणून माझं म्हणणं अगदी सरळ आहे. आपल्याकडच्या बेंजो वाजवणाऱ्या पोरांना नागोयाला पाठवा. जपानात तैशोगोतो संपलेलं नाही. तिथे त्याचे मोठमोठे वृंद आहेत, वरच्या, मधल्या आणि खर्जाच्या पट्टीची वेगवेगळी तैशोगोतो एकत्र वाजतात. वाजवणारे बरेचसे उतारवयाचे, त्यातही स्त्रिया पुष्कळ. त्यांचं वादन शांत, स्वच्छ, कागदावरच्या स्वरलिपीबरहुकूम. आपल्या पोरांचं वादन कानावरचं, अंगातलं, नाचणाऱ्याच्या पायाशी बांधलेलं. एका वाद्याची दोन घरं समोरासमोर बसली तर दोघांनाही किती मिळेल! आपल्या पोरांना कळेल की खर्जाचा बेंजो वेगळा करता येतो, कीबोर्डवाल्याची गरज निम्मी कमी होते. तिथल्या आजीबाईंना कळेल की त्यांच्या गावच्या वाद्यावर एका खाडीकाठच्या मुलखातली लग्नं लागतात. तिथून परतताना एखादा कारागीर बरोबर आला आणि निजामपुऱ्याच्या गल्लीत आठवडाभर बसला, तर आमच्या बेंजोच्या कळा मागाच्या स्प्रिंगवर चालतात हे त्यालाही पाहता येईल. मला खात्री आहे, तो हसणार नाही. मागांच्या गावचा माणूस आहे तो.

यात अडचणी आहेत, आणि त्या बारीकसारीक म्हणून दुर्लक्ष करण्याजोग्या नाहीत. बदली कामगाराला पंधरा दिवसांची रजा म्हणजे पंधरा दिवसांचा खाडा. त्याची भरपाई दौऱ्याच्या खर्चात धरली पाहिजे, नाहीतर जाणारी मुलं पुन्हा तीच असतील ज्यांच्या बापाला परवडतं. पासपोर्टसाठी लागणारी कागदपत्रं भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्या कुटुंबाकडे सहज नसतात, म्हणून तयारी वर्षभर आधी सुरू व्हायला हवी. ढोलकीला बकऱ्याचं कातडं असतं आणि प्राण्यांच्या कातड्यावर बऱ्याच देशांत कडक तपासणी असते, तेव्हा कागद आधीच करून घ्यावे लागतात. विमानात चढण्याआधी बेंजोच्या तारा सैल सोडाव्या लागतात आणि उतरल्यावर त्या बसायला दिवस द्यावा लागतो. थंडीत कातडं वेगळं बोलतं, पावसाळी हवेत वेगळं. वाद्य सांभाळणारा एक जाणता माणूस संघात असलाच पाहिजे, मग व्यवस्थापक एक कमी नेला तरी चालेल.

वाद्य घेऊन दूरदेशी जाण्याआधी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाता यावं लागतं, हे भिवंडीइतकं कुणी भोगलेलं नाही. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीतून इथे दंगल पेटली. त्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल ज्यांनी वाचला त्यांना ठाऊक आहे, की त्या काळात मिरवणूक कुठल्या रस्त्यानं जाणार, कुठे वाजणार आणि कुठे थांबणार हाच गावातला सर्वांत तापलेला प्रश्न होता. मे १९८४ मध्ये पुन्हा दंगल झाली. ज्या गावात वाद्याचा आवाज ऐकून दारं लागत होती तिथे वाजवणाऱ्याला काय वाटत असेल याचा विचार मी अनेकदा केला आहे. पुढे १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. गल्लीगल्लीतली दोन्ही समाजांची माणसं नेमानं एकत्र बसू लागली, एकमेकांची तक्रार तोंडावर सांगू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांनी जे तोंडानं साधलं ते बेंजो दुरुस्तीच्या त्या गल्लीत कितीतरी वर्षं मुकाट्यानं चाललं होतं. उरुसाच्या कव्वालाचा बेंजो आणि हळदीच्या पोराचा बेंजो एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेले असत, एकाच माणसाच्या हातून सुरात येत. म्हणून नागोयाला जाणाऱ्या संघात दोन्ही हात असावेत असा माझा आग्रह आहे. कव्वालीत वाजवणाऱ्या घरातला एक पोरगा, आगरी हळदीत वाजवणारा एक, भीमगीतांत वाजवणारा एक, आणि पद्मानगरच्या तेलुगू विणकरांच्या घरातला एखादा ताल धरणारा. मुलीही हव्यात. बेंजो पार्टीत मुली नसतात, कारण रात्री उशिरापर्यंतची वरात त्यांना घरून मिळत नाही. कॉलेजच्या वृंदात ती अडचण नाही.

आता बोलतो ते भिवंडीच्या लोकांशी. बी. एन. एन. कॉलेज आहे, जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय आहे, इतरही कॉलेजं आहेत. पुढच्या युवा महोत्सवासाठी लोकवाद्यवृंद बसवाल तेव्हा त्यात संबळ-तुतारीच्या जोडीला बेंजो घ्या, आणि तो शिकवायला पार्टीतल्या मास्टरला मानधन देऊन बोलवा. भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेनं शहरातल्या सगळ्या बेंजो वादकांची एक नोंदवही करावी, त्यात नाव, वय, कुणाकडून शिकला, काय वाजवतो एवढं लिहावं. ते चाचा आता नाहीत, दुकानाच्या जागी मोबाइलचं कव्हर विकणारा बसतो, आणि त्यांना येत असलेल्या कव्वालीच्या चालींची एकही ध्वनिफीत माझ्या माहितीत नाही. तुमच्या घरात कुणी असे वाजवणारे असतील तर या रविवारी त्यांच्यासमोर मोबाइल ठेवा आणि रेकॉर्डिंग चालू करा. जुन्या पार्टीचे फोटो, कॅसेटी, सुपारीच्या वह्या असतील तर रद्दीत घालू नका. नागोयाला जाणाऱ्या पोरांच्या बॅगेत त्या सगळ्याची एक प्रत असायला हवी.